छबुबाईंच्या मापाचा दस्ता

८ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी छबुबाईंनी शहादेव सुताराच्या हातावर दोनशे एक्कावन्न रुपये इसार ठेवला आणि जुन्या धोतरात गुंडाळून आणलेलं लाकूड त्याच्या पुढ्यात उलगडलं. ते त्यांच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीचं लाकूड होतं. नुसतं लाकूड, दस्त्यापासून नळीखालच्या पट्टीपर्यंत एकसंध, काळ्या शिसवाचं. नळी, घोडा, चाप असं सगळं लोखंड त्यांच्या मुलाने, अंगदने, स्क्रू काढून घरीच ठेवलं होतं. शहादेवची अटच तशी होती. सुतारकीत आयुष्य गेलं, आता उतारवयात बंदूकवाला म्हणून नाव नको, असं त्याचं म्हणणं. ठाण्यातल्या अजिनाथ जमादारांनाही त्याने आधी विचारून घेतलं होतं. जमादार म्हणाले, लोखंड परवानेवालीच्या घरात राहू द्या, लाकूड काय ते कापा-घासा.

पाटोद्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला ही वाडी आहे. शहादेव तिथला पिढीजात सुतार. तिफणी, औतं, कुदळीचे दांडे, अलीकडे दारं-खिडक्या. काम पक्कं, लाकूड ओळखावं तर त्यानेच. पण एक खोड होती. त्याच्या हातची कुठलीही वस्तू मापापेक्षा बोटभर मोठी निघायची. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही, हे वडिलांनी लहानपणी कान पिळून शिकवलेलं, ते त्याने असं काही मनावर घेतलं की गावातलं एकही दार पावसाळ्यात धड लागेना. सोसायटीच्या दाराला तर चिटणीस खांदा लावायचे. शहादेवच्या तिफणीने पेरलं की पीकही बोटभर उंच येतं, अशी गावात चेष्टा चाले. तो हसून म्हणायचा, मोठं असलं तर घासून देतो, लहान असलं तर काय रडून वाढवू?

छबुबाई म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची, विठ्ठलरावाची बायको. विठ्ठलराव गेल्यावर बंदुकीचा परवाना छबुबाईंच्या नावावर झाला. परवाना पीकसंरक्षणाचा, विठ्ठलरावाच्या आज्यापासून चालत आलेला. डोंगरातली रानडुकरं एका फेरीत अर्धं रान नांगरल्यासारखं करून जातात. त्यांना मारायचं नसतं. नुसत्या दारूचा एक बार आभाळाकडे काढला की कळप पुन्हा आठवडाभर फिरकत नाही. अडचण एवढीच, की दस्ता त्या आज्याच्या मापाचा. तो आजा म्हणे दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे. छबुबाई तर विठ्ठलरावाच्याही काखेत बसतील एवढ्या. बंदूक खांद्याला लावली की हात चापापर्यंत पोचत नसे. मग त्यांनी आपली युक्ती काढली होती. दस्ता बांधावरच्या बाभळीच्या खोडाला टेकवायचा, डोळे मिटायचे, तोंड फिरवायचं आणि चाप ओढायचा. बार निघायचा, डुकरं पळायची, बाभळीची साल तेवढी निघायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण परवान्याच्या नूतनीकरणाला नवे साहेब आले. त्यांनी बाभळीची हकीकत ऐकली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, ज्याला बंदूक खांद्याला धरता येत नाही त्याच्याकडे ती असणं डुकरापेक्षा धोक्याचं. सप्टेंबरात बीडला चांदमारीच्या मैदानावर या, माझ्यासमोर नीट धरून एक बार काढून दाखवा, लगेच सही करतो. नाही जमलं तर बंदूक जमा. साहेबांचं बोलणं रास्त होतं, त्यामुळे त्यावर भांडताही येईना.

बंदूक गेली तर काय होणार, हे घरात ठरून गेलं होतं. अंगद आणि त्याची बायको रोहिणी दरसाल दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यात परतत. मागे रान, ज्वारी आणि बंदूक हे छबुबाईंच्या हवाली. बंदूक नसेल तर डोंगराकडेचं रान एकट्या बाईने राखायचं कसं? अंगद मायेनेच म्हणाला, मग रान वाट्याने लावू, तू आमच्यासंगं कोपीवर चल, नातवंडं सांभाळ. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची खोपटी. छबुबाईंनी विठ्ठलरावाबरोबर उभी जवानी तसल्या कोप्यांत काढली होती.

त्या दिवशी शहादेवच्या दुकानात त्या एवढंच बोलल्या. "भाऊजी, धूर सोसला, थंडी सोसली, समदं सोसलं. पर पहाटंचं ते ट्रॅक्टरचं हारन आता न्हाई सोसायचं. मला माज्या रानात झोपून माज्या मनानं उठायचंय."

शहादेव म्हणाला, "वैनी, उठा की मग तुमच्या मनानं. दस्ता माज्याकडं लागला."

दांड्याचं माप घ्यायची त्याची रीत जुनी होती. कुदळ असो की कुऱ्हाड, ज्याच्या हातात जायची त्याला समोर उभं करायचं, वस्तू हातात द्यायची आणि सुतळीने कोपरापासून बोटापर्यंत मापून गाठ मारायची. त्याने लाकूड छबुबाईंच्या हातात दिलं. छबुबाईंनी पदराला हात पुसले, लाकूड कपाळाला लावलं आणि उजव्या खांद्याला धरलं. शहादेवने उजव्या हाताचं माप घेतलं आणि गाठ मारली.

"आन भाऊजी," छबुबाई म्हणाल्या, "ह्या येळंला बोटभर जादा ठिवू नका."

आतल्या दारातून शहादेवची बायको सत्यभामा म्हणाली, "वैनी, त्येंच्या लग्नातला सदरा अजून बोटभर लांब हाय. चाळीस वर्सं झाली, आटंना."

हे शहादेवला लागलं. त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गाठीवर गाठ ठेवून, केसाचाही फरक न ठेवता, दस्ता कापला. कापलेली चकती खाली पडली तेव्हा त्याला स्वतःचाच अंगठा गेल्यासारखं वाटलं. मग मात्र त्याचा हात रंगात आला. मूठ छबुबाईंच्या पंजाला जाड होती, ती मरफ्याने, म्हणजे लाकडाच्या जाड कानशीने, बारीक केली. गाल टेकायला दस्त्याच्या डाव्या अंगाला पटाशीने हलकी खोलगट जागा काढली, म्हणजे उजवा गाल बरोबर तिथे बसावा. काचकागद मारला, जवसाचं तेल पाजलं. शिसव असं चमकलं की सत्यभामाही दोनदा हात फिरवून गेली.

छबुबाईंच्या अंगणात अंगदने नळी आणि घोडा बसवला. बंदूक रिकामीच होती. छबुबाईंनी ती खांद्याला लावली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. दस्ता खांद्याला बसत होता, हात चापाला पोचत होता, पण नळीचं टोक वाऱ्यावरच्या शेवग्याच्या शेंगेसारखं हलत होतं. मान वाकडी, एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटायचे. अंगद म्हणाला, आई बंदुकीशी कुस्ती खेळतीय. रोज सकाळी दारासमोर सराव चाले. रोज नळी हले.

शहादेव येऊन बाजेवर बसायचा आणि बघायचा. त्याला एकच वाटायचं, जास्त कापलं गेलं. बोटभर ठेवायला पाहिजे होतं. पारावर बातमी गेलीच होती. तिथला एक जण म्हणाला, "शहादेव, जल्मात एकदा बरूबर मापानं कापलंस आन तेच चुकलं बे." शहादेव उठून घराकडे चालू लागला, तेव्हा पारावरच्यांना कळलं की गडी खरोखर काळजीत आहे.

पोळा झाला. सप्टेंबर जवळ आला. एक दिवस शहादेव तिफणीचा फण बघायचं निमित्त करून छबुबाईंच्या रानाकडे निघाला. खरं तर दस्ता पुन्हा मागून घ्यावा आणि इसार परत करून मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात होतं. बाजरी दाण्यात आली होती. मधोमध माळा, आणि माळ्यावर छबुबाई पाखरं राखत उभ्या. शहादेव बांधावर आला तेव्हा त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी गोफणीत खडा घातला, डोक्यावरून दोनदा गरकन फिरवली आणि सोडली. बांधापलीकडच्या लिंबाच्या ज्या फांदीवर राघू बसले होते, नेमक्या त्याच फांदीवर खडा खाडकन बसला. राघूंचा थवा उडाला. दुसरा खडा त्याच फांदीवर. मान ताठ, नजर सरळ, पाय रोवलेले. शहादेव बघतच राहिला. घरासमोर बंदुकीशी कुस्ती खेळणारी बाई हीच का, असं त्याला वाटलं. मग त्याने नीट पाहिलं. गोफण डाव्या हातात होती.

त्याने हाक मारली. "वैनी, गोफण डाव्या हातानं?"

छबुबाईंनी चोरी पकडल्यासारखा हात पदराखाली घेतला.

शहादेव माळ्याच्या खाली जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत या बाईच्या हातचा चहा त्याने शेकडो वेळा घेतला होता. कप नेहमी उजव्या हाताने पुढे यायचा. ताटातलं उजव्या हाताने, देवाला फूल उजव्या हाताने, कुंकू उजव्या हाताने. डावरी असल्याची शंका यायला जागाच नव्हती. छबुबाई खाली उतरल्या आणि बांधावर बसून सांगू लागल्या. आईने लहानपणी डाव्या हाताला चटका दिला होता. सासूने सांगितलं होतं, डाव्या हाताने दिलेलं लक्ष्मीला पोचत नाही. त्या दिवसापासून गावात त्या उजव्या झाल्या. पण उसाच्या फडात कोण बघतं? तिथे कोयता डाव्या हातात. मुकादम त्यांना रांगेच्या कडेलाच लावायचा, म्हणजे शेजारच्याला कोयता लागू नये. त्यांच्या तोडीची बरोबरी पुरुषांनाही होत नसे. शहादेव कधी तोडीला गेलाच नव्हता, म्हणून जे सगळ्या फडाला माहीत ते त्याला माहीत नव्हतं.

"मंग बंदूक कावून उजव्या खांद्याला लावता?"

"आवं, पूजंची वस्तू हाय ती. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहतो तिला. डावा हात कसा लावू?"

"आन विठ्ठल काय म्हणायचा?"

"त्यांनी उजवीकडनंच शिकवलं. त्यांना तरी कुठं सांगितलं? फडात कोयता बगायचे, पर कोयता आन बंदूक येगळी."

शहादेवने टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "वैनी, कोण्या हातानं बार काढला हे डुकराला कळत न्हाई. साहेबाला फकस्त बंदूक हलती का न्हाई ते कळतं."

छबुबाईंना हसू आलं, पण त्या लगेच तयार झाल्या नाहीत. बीडला शंभर माणसांपुढे डाव्या हाताने उभं राहायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. बराच वेळ त्या काडीने मातीत रेघा ओढत बसल्या. शेवटी तोड त्यांनीच काढली. आधी उजव्या हाताने बंदुकीला नमस्कार करायचा, देवाचं देवाला द्यायचं, आणि मग बंदूक डाव्या हातात घ्यायची. शहादेव म्हणाला, हे बेस झालं. इसार परत करायचा विचार त्याने तिथेच बांधावर सोडला.

अंगदने लोखंड पुन्हा काढून लाकूड दुकानात आणून दिलं. आता खरी पंचाईत सुताराची होती. लांबी बरोबर होती, पण गालाची जागा चुकीच्या अंगाला. डाव्या खांद्याला बंदूक लावली तर गाल उजव्या अंगाला टेकणार, आणि तिथे दस्ता पूर्वीसारखाच फुगीर. तो फुगवटा उतरवायचा, तर डावीकडे आधीच खोल गेलेलं. दोन्हीकडून कापलं असतं तर दस्त्याचा पापड झाला असता. म्हणजे आधी डावीकडचा खड्डा भरायला हवा. तोही त्याच जातीच्या, त्याच वयाच्या लाकडाने, नाही तर सांधा धरणार नाही. असं लाकूड जगात एकच होतं, कापून पडलेली चकती.

ती दुकानात सापडेना. शहादेवने भुसा उपसला, हत्यारांची पेटी उलटी केली, चुलीपाशी जाऊन राखही चाळली. सत्यभामा स्वयंपाक करता करता हे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, काय हुडकताय? त्याने सांगितलं. ती म्हणाली, "ती व्हय? माज्या बाजंच्या खुराखाली हाय. तुमी केलेली बाज, एक खूर तेवढा बोटभर आखूड. बाकीचे तीन लांब."

शहादेवने बाज उचलून चकती काढली. त्या दिवसापासून सत्यभामाची बाज पुन्हा डुगडुगू लागली, आणि ती कुशीवर वळली की शहादेवला टोमणा ऐकू यायचा.

चकतीची उभी फाक काढून त्याने ती खोलगट जागेच्या आकाराची तासली. बसवून बघायची, काढायची, पुन्हा तासायची. उजेड सांध्यातून दिसेनासा झाला तेव्हा सरस लावला, बांबूच्या बारीक खुंट्या मारल्या आणि सुतळीने करकचून बांधून ठेवलं. सुतळी सोडल्यावर त्याने नखाने सांधा शोधला. नखाला लागत नव्हता. मग दस्त्याच्या उजव्या अंगाचा फुगवटा उतरवून नवी जागा काढली. या वेळेला मात्र मापाला छबुबाईंना डाव्या हाताने उभं केलं. त्या आधी चार वेळा दाराबाहेर बघून आल्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती. ठासणीच्या बंदुकीचा घोडा उजव्या अंगाला असतो. उजव्या खांद्याने बार काढणाऱ्याला तो बाहेरच्या बाजूला पडतो. डावरीच्या मात्र तो तोंडाशीच येतो, आणि घोड्याखालची केप, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, फुटली की ठिणगी डोळ्याकडे उडण्याची भीती. अजिनाथ जमादारांनी सुचवलं, डोळ्यांच्या मोफत शिबिरातला चष्मा लावा. तो चष्मा छबुबाईंनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवला होता, झिजू नये म्हणून. तो निघाला. चष्मा, पदर खोचलेला आणि डाव्या खांद्याला बंदूक, असं ध्यान अंगणात उभं राहिलं तेव्हा रोहिणीने तोंडाला पदर लावला. पण नळीचं टोक हललं नाही. अंगदने हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

ठरलेल्या दिवशी शहादेव, छबुबाई आणि अंगद बीडला गेले. मैदानावर बरेच परवानेवाले आले होते. बहुतेकांच्या दुनळ्या, काहींच्या डोळ्यांवर काळे चष्मे, एक-दोघांबरोबर फोटो काढायला माणूस. ठासणीची बंदूक एकच, आणि बाई एकच. छबुबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी दारू ठासली, गज बाजूला ठेवला, केप चढवली. बंदुकीला उजव्या हाताने नमस्कार केला आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. एक शिपाई म्हणाला, आजी, उजवीकडून. मागे कुणीतरी हसलं. छबुबाईंचा गाल दस्त्यावरून किंचित उचलला गेला. साहेब म्हणाले, "असू द्या. त्यांना जमतं तसं धरू द्या."

गाल पुन्हा दस्त्यावर टेकला. चाप ओढला. घोडा पडला, केप फुटली, आणि बार निघालाच नाही.

ठासणीच्या बंदुकीत हे होतं. हवेत ओल असली की दारू मागाहून पेट घेते, कधी पळभराने, कधी बऱ्याच वेळाने. अशा वेळी अननुभवी माणूस बंदूक खाली घेतो आणि नळीत डोकावतो, नाही तर काय झालं म्हणून बंदुकीसकट मागे वळतो. मैदानावरची निम्मी माणसं आपोआप दोन पावलं मागे सरली. छबुबाई हलल्या नाहीत. नळी समोरच्या मातीच्या भिंतीकडे, गाल दस्त्यावर, डोळे उघडे. ती जड बंदूक त्यांनी तशीच धरून ठेवली. जुन्या दस्त्यावर ती दहा आकडेही धरवली नसती. आता सगळा भार खांद्यात बसला होता, जसा डोक्यावरचा हारा चुंबळीत बसतो.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाई, किती वेळ धरू शकाल?"

मान न वळवता छबुबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी चा पिऊन या."

सगळं मैदान हसलं, साहेबही. मैदानावर बंदोबस्ताला आलेल्या अजिनाथ जमादारांनी थांबायचा वेळ भरल्याची खूण केल्यावर छबुबाईंनी, नळी भिंतीकडेच ठेवून, फुटकी केप काढली आणि दुसरी चढवली. या वेळेला बार असा निघाला की मैदानाकडेच्या बाभळीवरचे कावळे उडाले. धुरात काही दिसेना. धूर विरला तेव्हा छबुबाई होत्या तिथेच, चष्मा नाकावर, आणि नळी जिथे होती तिथेच. साहेबांनी टेबलावर जाऊन सही केली. अंगदने कागद घेतला आणि आईला म्हणाला, "कोपीवर आता तुज्यावाचूनच भागवावं लागंल." त्या म्हणाल्या, "भागवा."

परतताना मांजरसुंब्याच्या चौकात शहादेवने दोघांना एसटीतून खाली ओढलं. चहा-भजी माझ्याकडून, असं त्याने जाहीर केलं. आनंदाच्या भरात त्याने शेजारच्या बाकावरच्या तीन अनोळखी माणसांनाही भजी सांगितली आणि त्यांना चकतीची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. ऐकताना त्यातल्या एकाने आणखी एक प्लेट मागवली. छबुबाईंनी भजं उचलताना आधी उजवा हात पुढे केला, मग थोडं थांबून डाव्या हाताने खाल्लं. शहादेव दुसरीकडे बघत बसला. बिल आलं तेव्हा त्याच्या खिशात पैसे कमी भरले. अंगद पाकीट काढू लागला, पण शहादेवने त्याचा हात धरला. मालकाला त्याने सांगितलं, उरलेले पुढच्या खेपेला देतो.

दिवाळीनंतर अंगद आणि रोहिणी तोडीला गेले. छबुबाई रानात आहेत आणि त्यांच्या मनाने उठतात. शहादेवचं मांजरसुंब्याला पुन्हा जाणं झालेलं नाही. हॉटेलवाल्याचे पस्तीस रुपये त्याच्याकडून येणे आहेत.